काळी, कडक बिअर प्यायची कशी? आणि तिची चव सांगायची कोणत्या शब्दांत?

फेरीबोट
नमस्कार मंडळी.

बंगळूरचा एक मित्र मागच्या महिन्यात घरी आला, येताना इम्पीरियल स्टाउट नावाच्या काळ्या बिअरच्या दोन बाटल्या घेऊन आला. 330 मिलीच्या छोट्या बाटल्या, लेबलवर अल्कोहोल 10 टक्के. मी दिवाडी बेटावर राहतो. बिअर म्हणजे आजवर माझ्यासाठी किंग्जची बुटकी बाटली, बर्फात बुडवून ठेवलेली, आणि समोर तळलेली मुडदुशी. त्याच सवयीने पहिली स्टाउट रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली आणि रविवारी दुपारी उघडली. डांबरासारखी काळी. फेस पांढरा नाही, चहावरच्या सायीच्या रंगाचा. पहिला घोट घेतला आणि थेट लहानपणीचा अडुळशाचा काढा आठवला. कडू, तुरट, मागे कसलीशी जळजळ. दोन घोटांत ग्लास बाजूला सारला आणि जेवायला बसलो.

जेवून, ताट उचलून परत आलो तोवर पाऊण तास झाला असेल. ग्लास बाल्कनीत तसाच. ओतून टाकायला उचलला, तर असा वास आला की तिथेच थांबलो. संक्रांतीला गुळाची पोळी तव्यावर फुटते, गूळ बाहेर येऊन तव्याला लागतो आणि काळा होतो, तो वास. अगदी तोच. घोट घेतला तर कडवटपणा होता, पण मागे सरकलेला. पुढे गूळ, खजूर, आणि शेवटी कॉफी. उरलेली बिअर मी अर्धा तास पुरवली.

तर प्रश्न दोन. एक, पाऊण तासात बिअरमध्ये नेमकं काय बदललं? दोन, नेटवर वाचायला गेलो तर सगळीकडे डार्क चॉकलेट, प्लम, लेदर, लिकोरिस. प्लम मी आयुष्यात दोनदा खाल्लं असेल. माझ्या जिभेला जे कळलं ते सांगायला आपले शब्द कुठले? दुसरी बाटली अजून शिल्लक आहे. ती मला नीट प्यायची आहे.

सुशेगाद
शीर्षक वाचूनच पाट मांडून बसलो आहे. येऊ द्या.

गारवा
माझं मत वेगळं आहे. बिअर थंडच प्यायची असते. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारातून घामाघूम होऊन आलेला माणूस कोमट काढा कशाला पिईल? पहिल्या घोटाला तुम्हाला जे वाटलं तेच खरं. आणि कडकच हवी तर 8 टक्क्यांची स्ट्राँग कुठल्याही दुकानात मिळते, याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

खारफुटी
मी एका छोट्या ब्रुअरीत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

@गारवा, आपल्याकडे स्ट्राँग म्हणून विकली जाते ती लागर. रंगाने फिकी, अंगाने हलकी, आणि बहुतेकदा साखर किंवा तांदूळ घालून अल्कोहोल वाढवलेली. ती बर्फासारखी गार प्यायची यात गैर काही नाही, कारण गारठ्यात तिचा झोंबणारा वास दबतो. इम्पीरियल स्टाउटमधलं अल्कोहोल मुख्यतः माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून येतं. साध्या बिअरला जेवढं धान्य लागतं त्याच्या जवळपास दुप्पट धान्य तेवढ्याच बिअरला लागतं. त्यातली सगळी साखर यीस्ट खात नाही, काही अंगात राहते, म्हणून घोट पेजेसारखा जाड लागतो. आंबून झाल्यावरही ती काही महिने शांत ठेवावी लागते. किंमत तिथे जाते.

आणखी एक. काळी म्हणजे कडक, हे खरं नव्हे. ड्राफ्ट गिनेस ही आयर्लंडची काळी स्टाउट 4.2 टक्के आहे, आपल्या साध्या लागरहूनही कमी. शंभर किलो धान्यात पाच-दहा किलो काळं भाजलेलं धान्य पडलं की बिअर काळी होते, बाकी सगळं फिकट माल्टच असतं. हे काळं माल्ट कॉफीसारखं फिरत्या पिंपात, 200 अंशांच्या वर भाजतात. तसं पिंप डॅनिएल व्हीलरने 1817 साली इंग्लंडमध्ये पेटंट केलं, तेव्हापासून पोर्टर (स्टाउटची पूर्वज) आणि स्टाउट आजच्यासारख्या काळ्याभोर झाल्या. चॉकलेट माल्ट नावाचं एक माल्ट असतं, त्यात चॉकलेटचा कणही नसतो. नाव रंगावरून पडलं.

@फेरीबोट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बिअर फारशी बदलली नाही, तुमच्यापर्यंत पोचणारी बिअर बदलली. फ्रिजमधली बिअर चार-पाच अंशांवर असते. त्या गारठ्यात जिभेला गोड कमी कळतं, कडू आणि तुरट मात्र कळतच राहतं. वास सुटायलाही ऊब लागते. त्यामुळे दुपारी तुमच्या वाट्याला नुसता कडवटपणा आला, गूळ आणि खजूर ग्लासातच अडकून राहिले. पाऊण तासात थोडा वायूही निघून गेला, त्याने जिभेवरची टोचणी कमी झाली. पण गोव्याच्या दुपारी पाऊण तास जरा जास्तच. 10 ते 13 अंशांवर सुरुवात करायची, म्हणजे फ्रिजमधून काढून साधारण वीस मिनिटं. पुढची ऊब हळूहळू ग्लासात येऊ द्यायची.

गारवा
माहितीबद्दल आभार, लागरचा मुद्दा पटला. पण वीस मिनिटं नुसतं बाटलीकडे बघत बसायचं?

मडगावची
त्या वीस मिनिटांत कांदा चिरायचा आणि चोरीस, म्हणजे गोव्याचं मसालेदार सॉसेज, परतायला टाकायचा. वेळ अगदी बरोबर जुळतो.

काजूबी
मी सत्तरी तालुक्यातला. आमच्या घरची काजूची भट्टी होती, वडील गेल्यावर बंद झाली. बिअर मला फार कळत नाही, पण हा धागा वाचून काही आठवलं ते लिहितो.

मार्चपासून बोंडं तुडवायची, रस भाण्यात घालायचा, खाली जाळ. पहिल्या धारेचा उराक, तो पुन्हा भाण्यात घालून फेणी. फेणी हे नावच फेणावरून, म्हणजे फेसावरून आलं असं आमच्याकडे सगळे मानतात. वडील उंचावरून धार धरायचे आणि बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघून कडकपणा सांगायचे. तळहातावर दोन थेंब चोळून वास घ्यायचे. यंत्र लागत नव्हतं.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. जाळ जास्त झाला, भाण्याचा तळ लागला, की सगळ्या घाण्याला करपट वास यायचा. तो घाणा वडील विकत नसत. लोक ओळखायचे. म्हणजे आमच्यासाठी करपणं हा सरळ दोष. इथे मात्र धान्य मुद्दाम काळं करतात आणि त्यालाच चव म्हणतात. मग करपट कुठे संपतं आणि चव कुठे सुरू होते? जाणकारांनी सांगावं.

आंबोळी
काका, याचं उत्तर मराठीत आधीच आहे. करपट वेगळं आणि खरपूस वेगळं.

मी बिअर पीत नाही. पण स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं काढली आहेत. भाकरीचा पापुद्रा फुगून त्यावर तपकिरी ठिपके आले की खरपूस. त्याच ठिपक्यांवर आणखी अर्धा मिनिट गेला की करपट. रव्याचा वास घरभर सुटतो तो खमंग, तो खरपूसच्याही आधी येतो. चुलीवरच्या भाताला येतो तो धुरकट. कारल्याचं कडू, पण मेथीचं कडसर. जांभळाचं तुरट. फेरीबोट विचारतात शब्द कुठले, तर शब्द पोत्यांनी आहेत. आपण ते फक्त जेवणासाठी राखून ठेवले.

दोदोल मी शेजारच्या आंटीकडून शिकले. नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि माडाचा काळा गूळ. तीन-चार तास ढवळायचं. सुरुवातीला नारळाचा वास पुढे असतो, मग गूळ पुढे येतो, आणि शेवटी तेल सुटायला लागतं तेव्हा एक वास येतो ज्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. गूळ आणि धूर यांच्या मधला. फेरीबोट, तुमच्या ग्लासात तो होता का?

फेरीबोट
@आंबोळीताई, होता! दोदोल म्हणालात आणि लख्खकन आठवलं. गुळाची पोळी मी लिहिली ती सगळ्यात जवळची आठवण म्हणून, पण तुम्ही म्हणता तो शेवटचा वास त्याहून जवळचा आहे.

खारफुटी
@काजूबी काका, ब्रुअरच्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात, आणि आंबोळीताईंनी दोन शब्दांत उत्तर दिलं. आम्ही रोज याच रेषेवर काम करतो. काळ्या धान्याचं टरफल जास्त करपलं तर बिअरला राखेची चव येते. काही माल्ट त्यासाठी टरफल काढून भाजतात. आणि धान्य फार गरम पाण्याने धुतलं तर तुरटपणा उतरतो, चहा जास्त उकळल्यावर येतो तसा. राख जिभेवर राहिली तर ती करपट, बिअर फसली. भाकरीचा तळ राहिला तर खरपूस.

अगदी हाच शब्द मी आता आमच्या चव तपासायच्या कागदावर लिहिणार आहे.

मुळामुठा
पुण्याहून लिहितो. धागा उत्तम चालला आहे, थोडा विरोध नोंदवतो.

पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून मी क्राफ्ट बिअर पितो आहे. स्टाउटमध्ये कॉफी आणि चॉकलेट म्हणण्यात मला काही परकं वाटत नाही. कॉफी आपल्या घरात तीन पिढ्या आहे. आणि चवीचे शब्द सामाईक असले तरच बंगळूरचा, लंडनचा आणि गोव्याचा माणूस एकाच बिअरबद्दल बोलू शकतो. माझ्या आजीच्या फडताळाचा वास मला कितीही खरा वाटला तरी तो तुम्हाला कळणार नाही.

इतिहासही सांगतो. लंडनच्या साउथवर्कमधल्या अँकर ब्रुअरीत अठराव्या शतकाच्या शेवटी रशियाच्या दरबारासाठी ही बिअर बनायची. 1781 मध्ये मालक थ्रेल कुटुंबाकडून ती ब्रुअरी बार्कले आणि पर्किन्स यांच्याकडे गेली. महाराणी कॅथरिनला ती पसंत होती. बाल्टिक समुद्राच्या थंडीत गोठू नये म्हणून तिचं अल्कोहोल वाढवलं, असं वाचलं आहे.

खारफुटी
@मुळामुठा, दरबाराचा भाग खरा, पण गोठण्याचं कारण मला पटत नाही. साधी पोर्टर त्याच काळात केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार-पाच महिन्यांनी मुंबई आणि कलकत्त्याला पोचत होती. हिंदुस्थान म्हटलं की लोकांना आयपीए ही फिकट, कडू बिअर आठवते, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांसाठी पोर्टर भरपूर यायची. ती टिकत होती, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बिअर कडकच हवी असं नव्हतं. दरबाराला कडक आवडायची म्हणून कडक बनवली, एवढं साधं कारण पुरेसं आहे.

मडगावची
आणि @गारवा, उकाड्याच्या मुद्द्यावर. गिनेसने 1801 मध्ये वेस्ट इंडीजसाठी जास्त कडक पोर्टर बनवायला घेतली, तिचीच पुढची पिढी म्हणजे फॉरेन एक्स्ट्रा स्टाउट, 7.5 टक्के. ती आजही उष्ण देशांतच जास्त खपते. श्रीलंकेत आम्ही लायन स्टाउट प्यायलो, 8.8 टक्के. बाहेर घामाच्या धारा, आणि लोक भाजलेल्या काजूबरोबर निवांत पीत बसले होते. उकाड्यात काळी बिअर चालत नाही असं काही नाही. घटाघटा चालत नाही, एवढंच.

गारवा
लायन स्टाउटचं माहीत नव्हतं. विचार करतो.

तिठा
मी सावंतवाडीचा. अशी बाटली गोव्यातून आणायची तर पत्रादेवी-बांद्याच्या सीमेवर काय नियम आहे? एकदोन बाटल्या गाडीच्या डिकीत चालतात असं मित्र म्हणतात.

नाडीपरीक्षा
@तिठा, मित्रांचं ऐकू नका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं हा गुन्हा आहे, एक बाटली असली तरी. तिकडचा उत्पादन शुल्क विभाग नेमकं हेच तपासतो. गोव्यात येऊन प्या आणि रात्री इथेच राहा.

आता मी डॉक्टर म्हणून एक हिशोब मांडतो, कारण चवीच्या गप्पांत तो निसटतो. 330 मिलीच्या 10 टक्के बिअरमध्ये 33 मिली शुद्ध अल्कोहोल आहे. 650 मिलीच्या 5 टक्के बिअरमध्ये साडेबत्तीस. म्हणजे ही छोटी बाटली म्हणजे एक आख्खी मोठी बाटली. डोळ्यांना ते कळत नाही, कारण ग्लास लहान असतो आणि गोडसर चव अल्कोहोल झाकते. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गाडी चालवणं बेकायदा, आणि सडपातळ माणसाला ही एक बाटली त्यापलीकडे सहज नेते. गोव्याच्या रस्त्यांवरून रात्री स्कूटरने परतणारे रुग्ण मी बघितले आहेत. एक बाटली दोघांत किंवा चौघांत वाटून घ्या. चवीसाठी तेवढी पुरते.

सुशेगाद
डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. फेरीबोट, तुमच्याकडे तर परत जायला शेवटची फेरी चुकली की आपोआप मुक्कामच.

तिठा
समजलं डॉक्टर, धन्यवाद. मग येईनच.

एक अनुभव. मागे गोव्यातल्या एका दुकानातून काळी बिअर घेऊन तिथेच मित्राकडे प्यायलो. दुकानात ती काचेच्या दारात, उन्हात मांडलेली होती. चव अगदी ओल्या पुठ्ठ्याची. पावसाळ्यात माळ्यावरची जुनी वह्यांची पेटी उघडल्यावर येतो तसा कुबट वास. काळी बिअर अशीच असते असं समजून मी पुढे दोन वर्षं तिच्या वाटेला गेलो नाही.

खारफुटी
@तिठा, ती बिअर म्हातारी झाली होती. ऑक्सिजन लागला की पुठ्ठा येतो, आणि उष्णतेने ते फार लवकर होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. गोव्यात उन्हाळ्यात बंद खोलीतही 32-33 अंश असतात, काचेच्या दारात तर विचारायला नको. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत उन्हाचा आणखी एक दोष येतो. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, त्यांतलं कडू द्रव्य प्रकाशाने फुटतं आणि स्कंक नावाच्या प्राण्यासारखी दुर्गंधी येते. तपकिरी बाटली त्यापासून बऱ्यापैकी वाचवते.

कडक काळ्या बिअरला मात्र म्हातारपण थोडं मानवतं. नीट, गार आणि अंधारात ठेवलेली इम्पीरियल स्टाउट दोन-तीन वर्षांनी मनुका आणि जुन्या पोर्ट वाइनकडे झुकते. पण गोव्यात त्यासाठी फ्रिजच हवा, बाटली उभी ठेवायची. कपाटाच्या तळाशी ठेवून वाट बघितलीत तर पुठ्ठाच मिळेल.

काजूबी
कुबट, पुठ्ठा, माळ्यावरची वही. बघा, दोषाचे शब्द आपल्याला चटकन सापडतात. गुणाचे शोधावे लागतात.

फेरीबोट
@मुळामुठा, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. सामाईक शब्द हवेत हे मान्य. पण कॉफी म्हटल्यावर माझं बोट थांबतं, पुढे शोधत नाही. 'तव्याला लागलेला गूळ' म्हटल्यावर मी त्या ग्लासात गूळ, तवा, थोडी राख, थोडं तूप असं एकेक शोधायला लागतो. परका शब्द चवीवर झाकण घालतो, माझा शब्द ते उघडतो. आणि तुम्ही म्हणता तसं फडताळ प्रत्येकाचं वेगळं, पण गुळाची पोळी पुण्यातही फुटतेच.

मुळामुठा
गुळाची पोळी मान्य. तिळाच्या कुटासकट.

मडगावची
खाण्याचं लिहिते, कारण ते राहिलं.

इंग्लंड-आयर्लंडमध्ये स्टाउटबरोबर कालवं खायची जुनी चाल आहे. आपल्याकडे कालवांना तोटा नाही, पण ती जोडी साध्या, कोरड्या स्टाउटची. 10 टक्क्यांच्या गोड अंगाच्या बिअरपुढे कालवं हरवतात. तिथे चोरीस आणि उंडो पाव आणा. चोरीसाचा व्हिनेगर आणि चरबी, उंड्याचा खरपूस तळ, आणि बिअर. बेबिंक ही थरांची मिठाईही छान, तिचा प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजलेला असतो, तीच चव ग्लासात पुन्हा भेटते. पण सगळ्यात वर दोदोल. ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली स्टाउट मिळाली तर आणखी मजा, ओकमधून नारळासारखा वास उतरतो.

शाकुतीबरोबर मात्र मी कधीच घेणार नाही.

गारवा
शाकुतीबरोबर का नाही? तिखटाला कडक काहीतरी हवंच की.

मडगावची
करून बघा. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, त्यावर भाजलेल्या धान्याचं कडू. शाकुतीतले भाजलेले मसाले बिअरशी जुळतात हे खरं, म्हणून मोह होतो. पण तिसऱ्या घासाला जिभेला नुसती आग कळते. शाकुती आणि तुमची गार किंग्ज, ती जोडी उत्तम.

सुशेगाद
एक शंका. ग्लास कुठला? माझ्याकडे स्टीलचे पेले आणि चहाचे कप.

खारफुटी
तोंडाशी निमुळता, पोटाशी फुगीर. ब्रँडीचा ग्लास असला तर उत्तम, वाइनचाही चालेल. ग्लास फक्त पाव भाग भरायचा, वरच्या मोकळ्या जागेत वास जमू द्यायचा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही, म्हणून ग्लास नुसत्या गरम पाण्याने दोनदा धुवा, पुसू नका, उपडा वाळवा.

मग आधी वास, दोनदा, छोटे छोटे. घोट लहान. तोंडात सगळीकडे फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. निम्मी चव त्या सोडलेल्या श्वासात असते. ग्लास हातात धरा, तळहाताची ऊब लागू द्या.

फेरीबोट
शेजारच्या आंटीच्या शोकेसमध्ये पोर्ट वाइनचे जुने ग्लास आहेत. मागून आणतो. रविवारी संध्याकाळी दुसरी बाटली उघडणार. ज्यांना दिवाडीला येणं शक्य असेल त्यांनी कळवा.

(नऊ दिवसांनी)

फेरीबोट
उशिराबद्दल क्षमा, वीज आणि नेट दोन्ही गेले होते. आता सगळं लिहितो.

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, बाबा, म्हापशाहून गारवा, आणि फोंड्याहून आंबोळीताई, दोदोलाचा डबा घेऊन. गारवा संध्याकाळच्या रायबंदरच्या फेरीने आले आणि सकाळच्या फेरीने गेले, डॉक्टरांना मुद्दाम सांगतो. बाटली वीस मिनिटं बाहेर ठेवली. आंटीच्या ग्लासांत चौघांना ऐंशी-ऐंशी मिली. आंबोळीताईंनी फक्त वास घेतला. प्रत्येकाला कागदाचा कपटा दिला, एकमेकांचं न बघता लिहायचं, तीनदा. ओतल्यावर, पंधरा मिनिटांनी आणि शेवटच्या घोटाला.

पहिल्यांदा माझा शब्द कॉफी. बायकोने लिहिलं उंड्याचा तळ. गारवा यांनी लिहिलं कडू. बाबांनी काहीच लिहिलं नाही.

पंधरा मिनिटांनी बायकोने लिहिलं सोलं, म्हणजे आमसुलं. मला आश्चर्य वाटलं, मग पुन्हा घोट घेतला. होतं. जिभेच्या कडेला, वाळलेल्या भिरंडाचं काळपट आंबट. ती म्हणाली नसती तर मला कधीच कळलं नसतं. खारफुटी, हे कुठून येतं? मी लिहिलं होतं काकवी.

आणि बाबा. बाबा ग्लास नाकाशी धरून बराच वेळ बसले, मग त्यांनी एकच शब्द लिहिला, मशेरी. माझी आजी रोज पहाटे तव्यावर तंबाखू भाजायची, दात घासायला. तिला जाऊन एकतीस वर्षं झाली. बाबा म्हणाले, "आईच्या पदराला हाच वास असायचा." नंतर ते फार बोलले नाहीत, पण ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत पुरवला. परदेशी लोक ज्याला टोबॅको म्हणतात ते हेच असावं, पण तो शब्द वाचून बाबांना आजी आठवली नसती.

आंबोळीताईंनी तिन्ही वेळा वास घेतला. शेवटी म्हणाल्या, "तेल सुटायच्या आधीची पाच मिनिटं." दोदोलाचा तुकडा आणि वर घोट, यावर मी काही लिहीत नाही. ज्याने त्याने खाऊन बघावं.

खारफुटी
मशेरी वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

सोलांचं आंबट बहुतेक भाजलेल्या धान्याचंच. खूप भाजलेलं धान्य मुळात आम्लधर्मी असतं, काळ्या कॉफीला असतं तसं. गोडव्याखाली ते झाकलं जातं, ऊब आल्यावर कडेला सापडतं. तुमच्या पत्नीची जीभ फार चांगली आहे. आम्ही प्रशिक्षण देऊन माणसांना हे ओळखायला शिकवतो.

गारवा
मी आलो होतो, म्हणून माझंही लिहितो. पहिला कपटा कडू, हे खरं आहे. दुसरा: खजूर. तिसरा: नाचणीची भाकरी, चुलीतल्या निखाऱ्यावर शेकलेली. दुपारी, घाम गाळून आल्यावर मी किंग्जच पिणार, ते मत बदललेलं नाही. पण संध्याकाळी नदीवरून वारा येत होता, ग्लास हातात होता, आणि ऐंशी मिली मला दीड तास पुरली. असं आधी कधी झालं नव्हतं.

काजूबी
फेरीबोट, बाबांना माझा नमस्कार सांगा. मार्चमध्ये शेजाऱ्याची भट्टी लागते. तेव्हा सगळ्यांनी सत्तरीला या. पहिल्या धारेच्या उराकावर हेच कपटे लिहू.

तिठा
मी नक्की येतो, मुक्कामाला. आंबोळीताई, दोदोलासाठी माडाचा गूळ नेमका कुठला घ्यायचा?

आंबोळी
काळा, निमुळत्या ढेपेचा. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात मिळतो. नखाने ओरखडून वास घ्या, खारट किंवा कुबट वाटला तर सोडून द्या. अर्धा किलो गुळाला तीन नारळ. आणि ढवळायला दुसरा माणूस हवाच, एकट्याचा हात भरून येतो.